ब इमारतीचं एकूण वजन

३ जून

ती. स्व. ताईंना,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मी ओरडून बोलले की अख्ख्या जिन्याला ऐकू जातं, म्हणून हे पत्र. बातमीच तशी आहे. तुमचे बंधुराज खाण्याच्या दुकानाचे अध्यक्ष झाले! घाबरू नका, नोकरी सोडलेली नाही. रोज सकाळी ती जाड कापडाची पिशवी घेऊन लोकांच्या लिफ्ट तपासायला जातात आणि संध्याकाळी घरी येऊन आमची ताटं तपासतात.

झालं असं, की शाळेत मुलांची आरोग्य तपासणी झाली आणि आमच्या वसाहतीतल्या निम्म्याशिम्म्या पोरांच्या कागदावर लाल खूण आली. वजन जास्त. आमच्या चिमीच्याही कागदावर आली. दहा वर्षांची पोर गुबगुबीत आहे हे मला शाळेने सांगायला नको होतं, तिच्या फ्रॉकच्या शिवणी मीच उसवून देते. ह्यांनी मात्र तो कागद हातात घेतला आणि लिफ्टमध्ये क्षमतेपेक्षा एक माणूस जास्त चढला की जो चेहरा करतात, तोच केला. त्याच संध्याकाळी तिन्ही इमारतींची सभा. सगळं खापर फुटलं ते फाटकासमोरच्या तळणवाल्यावर. तो बटाटे तळतो, कोंबडी तळतो, पावात काय काय भरून तोही तळतो, आणि शाळेतून भुकेली आलेली पोरं घरी कुणी नसतं म्हणून तिथेच थांबतात. घरी कुणी का नसतं, हा विषय काही सभेत निघाला नाही.

मग दातांचे डॉक्टर म्हणाले की पोरांना झटपट खाणंच हवंय ना, तर ते आपण देऊ, झटपट पण पौष्टिक आणि आपल्या हातचं. खरं सांगते ताई, मला पटलं. मी टाळ्यासुद्धा वाजवल्या. सायकलींची जुनी शेड धुऊन रंगवली, काउंटर टाकला, वर ‘हलकंफुलकं’ अशी पाटी लावली. रोज एका घराने रांधायचं, अशी पाळी ठरली.

आणि तिथेच माशी शिंकली. पहिल्या दिवशी बँकेतून निवृत्त झालेल्या मॅनेजरांच्या घरचे भाजलेले बटाटे आले. झकास होते, पोरांनी फस्त केले. दुसऱ्या दिवशी क इमारतीतल्या बाईंनी जाहीर केलं की आमच्या पदार्थात बटाटाच नाही. तिसरीने तेल काढलं, चौथीने मीठ, मग चीज गेलं, मग पाव गेला. प्रत्येकीला आधीच्या घरापेक्षा एक जिन्नस कमी घालून दाखवायचा होता. काल पोरांना उकडलेल्या कोबीच्या पानात गुंडाळलेलं उकडलेलं कोबीचं पान मिळालं. त्याला रोल म्हणायचं. डॉक्टरांच्या मुलीने आत काहीतरी असेल म्हणून तो शेवटपर्यंत उलगडून पाहिला.

बाकी माझी तळमजल्यावरची लाँड्री बरी चालली आहे. गुरुवारी आमच्या घराची पाळी. मी मीठ घालणार आहे, त्यावर समिती काय ठराव करते ते कळवीनच.

तुमची माया आहे तशी असू द्यावी, निदान तिच्यातून अजून कुणी काही काढून टाकलेलं नाही.

तुमची,
भावजय


११ जून

चि. सौ. भावजयबाईंस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दुकानात वाचलं आणि एकटीच हसत बसले. बूट घालून बघणाऱ्या एका गृहस्थांना वाटलं मी त्यांच्या पायाला हसते आहे. ते न घेताच निघून गेले. हे गिऱ्हाईक तुझ्या नवऱ्याच्या नावावर मांडून ठेवते.

तो अध्यक्ष झाला हे वाचून मी अजिबात दचकले नाही. लहानपणी खेळात भिडू कमी पडले की हा पंच व्हायचा. आणि खाण्याचं म्हणशील तर आमच्या आईच्या हाताला उसंत नसायची, इतकं हा गिळायचा. माझ्या ताटातलं, शेजारच्यांच्या ताटातलं, कुठलंही. अंगाला एक कण लागला नाही, काडीचा काडीच राहिला. आणि तेव्हापासून त्याची पक्की समजूत आहे की आपण बारीक आहोत ती आपली कर्तबगारी आहे. तू त्याला हे सांगितलंस तर तो लगेच म्हणेल की तो मुद्दा वेगळा.

पण एक सांगू? ती कल्पना टाकाऊ नाही. पोरं शाळेतून दमून येतात, त्यांच्या हातात गरम, चवीचं, बरं काहीतरी पडावं, ह्यात वाईट काय? वाईट ते तुम्ही मोठी माणसं. ज्यांच्यासाठी दुकान काढलं त्या पोरांना कुणी विचारलं का, की बाबांनो तुम्हाला काय आवडेल? माझ्या दुकानात येणारा माणूस निदान बूट घालून तरी बघतो.

चिमीचं एका ओळीत उरकलंस, ते मला आवडलं नाही. लाल खूण बघून ती काय म्हणाली? मागच्या सुट्टीत ती इथे होती तेव्हा एका बाईंना तिने तोंडावर सांगितलं होतं की हे बूट तुम्हाला शोभत नाहीत, आणि वर दुसरे काढून दिले. ते त्यांनी घेतले. तशी बडबडी पोर आहे, ती गप्प झाली तर मला लगेच कळव.

माझी आठवण ठेव आणि पत्र आळशीपणा न करता लिही.

तुझी,
ताई


२४ जून

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

तुला आमच्या उपक्रमाची माहिती घरातल्या एका विशिष्ट व्यक्तीकडून मिळत असते, म्हणून दुसरी बाजू कळवणं माझं कर्तव्य आहे. गुरुवारच्या तिच्या पदार्थात मीठ होतं, तेल होतं आणि पावही होता. पोरांनी दोनदा मागून खाल्लं, हे मी मान्य करतो. पण आवडणं हा निकष धरला तर मग तळणवाला काय वाईट, असा प्रश्न समितीत आला आणि तो मी इतिवृत्तात नोंदवून घेतला.

असो. खरी बातमी पुढे आहे. आपण पोरांना खायला घालतो, पण त्याचा परिणाम होतो की नाही हे मोजायला नको का? म्हणून मी आमच्या कार्यालयातला एक जुना काटा दुरुस्त करून आणला. लिफ्टच्या चाचणीला वजनं वापरतात ती मोजायचा. ग्रॅमचीही चूक नाही. तो ‘हलकंफुलकं’च्या दारात ठेवला आहे. दर शनिवारी मुलांनी त्यावर चढायचं.

समितीतल्या काहींचा आग्रह होता की प्रत्येक मुलाचं नाव आणि वजन फळ्यावर लिहावं. मी सक्त विरोध केला. मुलांनाही मान असतो, असं मी ठणकावून सांगितलं. तू असतीस तर तुला अभिमान वाटला असता. मी तोडगा असा काढला की फळ्यावर नाव कुणाचंच नाही, फक्त इमारतीच्या सगळ्या मुलांचं मिळून एकूण वजन. अ, ब आणि क, असे तीनच आकडे. सुरुवातीच्या आकड्यातून जी इमारत सगळ्यात जास्त उतरेल तिला ढाल, आणि ती द्यायला नगर कार्यालयाचे आरोग्य अधिकारी येणार आहेत. ताई, लिफ्टला आत कोण उभं आहे ह्याच्याशी काही देणंघेणं नसतं. गोरा, काळा, साहेब, शिपाई, तिला फक्त एकूण भार कळतो. याच्याइतका निःपक्षपाती हिशेब दुसरा नाही. आजारी मुलांना ओढून आणायला नको म्हणून गैरहजर मुलाचं वजन दोन्ही वेळी शून्य धरायचं असंही मी सुचवलं होतं, पण सगळ्यांना सोपं पडावं म्हणून सुरुवातीचा आकडा सगळ्या मुलांचा तसाच ठेवायचा आणि शेवटच्या दिवशी हजर असतील तेवढ्यांचंच मोजायचं, असं ठरलं.

मुलांमध्ये उत्साह भरपूर आहे. आपली ब इमारत सध्या तिसरी आहे, पण वेळ आहे.

आशीर्वाद असावा, आणि एकतर्फी मत बनवू नये, ही विनंती.

तुझा,
भाऊ


५ जुलै

ती. स्व. ताईंना,
सा. न. वि. वि.

ह्यांचं पत्र तुम्हाला पोचलं असेल. मी त्यावर काय लिहू, तुम्हीच कपाळावर हात मारून घेतला असेल.

आधी हसण्यासारखं सांगते. लाँड्री चालवणाऱ्या बाईपासून काही लपत नाही हो. मॅनेजरसाहेबांच्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीला तळणाच्या तेलाचा डाग, कोपरापर्यंत. कोबीचा रोल करणाऱ्या बाईंच्या ओढणीवर सॉस. दातांच्या डॉक्टरांच्या पँटच्या खिशात सॉसची पुडी होती, ती मशीनमध्ये फुटली आणि त्यांच्याबरोबर आणखी चार घरांचे कपडे लाल झाले. मी चौघांची माफी मागितली आणि डॉक्टरांचं नाव घेतलं नाही. परवा खुद्द तळणवाला ॲप्रन टाकायला आला आणि हात जोडून म्हणाला की बाई, तुमचं ते दुकान बंद पडू देऊ नका. लोक तिथे खाऊन बाहेर पडतात आणि तडक माझ्याकडे येतात, म्हणाला. इतकी गर्दी त्याच्याकडे आधी कधी नव्हती.

आता न हसण्यासारखं. फळ्यावर नाव नाही ताई, पण पोरांना काय डोळे नाहीत? ब इमारतीत मुलं मोजकीच. आकडा खाली का येत नाही हे शोधायला त्यांना लिफ्टचा निरीक्षक लागत नाही. पहिल्या शनिवारी चिमी काट्यावर चढली तेव्हा कुणीतरी म्हटलं की चपला काढ. दुसऱ्या शनिवारी म्हटलं की पिना आणि रिबिनी काढ. गेल्या शनिवारी तिने स्वतःच सकाळपासून पाणी प्यायलं नव्हतं. कुणी चिडवत नाही हो, तेच तर वाईट. सगळे तिला मदत करतात! समोरच्या दारातली मुलगी तिला जिन्यावरून वर-खाली पळवते आणि खालून आकडे म्हणते. मोठी माणसं तर अजूनच गोड. मॅनेजर तिला भेटले की विचारतात, काय, आपली ब काय म्हणते? जणू सगळी ब इमारत तिच्याच पोटात आहे.

आणि मी? मी दिवसभर लोकांच्या बाह्यांवरचे डाग बघून खुदुखुदु हसत होते. चिमीचा गणवेश पूर्वी कसा यायचा तुम्हाला माहीत आहे, सॉस, शाई, फळांचा रस, सगळा नकाशा. हल्ली अगदी कोरा येतो. मी खूश, म्हटलं पोर मोठी झाली, नीट खायला शिकली. काल शाळेतल्या बाईंनी मला थांबवून सांगितलं की ती डबा उघडते, सगळ्यांना वाटते आणि झाकण लावून ठेवते. ताई, मला तिथेच रडू फुटलं. घरी येऊन ह्यांना सांगितलं. ह्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले की असं कसं, फळ्यावर तिचं नाव कुठेच नाही.

तुम्ही विचारलं होतं, गप्प झाली तर कळव. कळवते आहे.

माझ्यावर रागावलात तरी चालेल, पण तिच्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
भावजय


१३ जुलै

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

तब्येत कशी आहे? दुकान कसं आहे? तुझ्याकडची हवा हल्ली चांगली असते असं ऐकतो.

हवेवरून आठवलं. चिमी जरा मलूल दिसते. अभ्यासाचा ताण असावा. मला वाटतं तिला हवापालट मानवेल. पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला शाळेला जोडून सुट्ट्या आहेत, तेव्हा आठवडाभर तुझ्याकडे पाठवावी असा विचार आहे. शुक्रवारी किंवा फार तर शनिवारी सकाळी लवकर निघाली तर बरं. त्याच शनिवारी योगायोगाने शेवटचं मोजमाप आहे, पण त्याचा ह्याच्याशी संबंध जोडू नये.

हे काही मी एकटाच करत नाही, तेवढं लक्षात घे. अ इमारतीतली दोन मुलं आजोबांकडे जाणार आहेत. क मधल्या एका मुलाला त्याच दिवशी ताप येणार आहे. समितीत कुणी उघड बोलत नाही, पण सगळ्यांनी समजून घेतलं आहे. आपणच फक्त नियम पाळत बसलो तर आपल्या इमारतीतल्या बाकीच्या मुलांवर अन्याय नाही का? त्यांनी फार मेहनत केली आहे. मॅनेजर परवा मला जिन्यात भेटले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले की अध्यक्षांनी घरापासून सुरुवात करावी. मला त्यांचा रोख कळला. चिमीचंही ह्यात भलंच आहे, तिला त्या दिवशी उगाच काट्यावर उभं राहायला नको.

तू नाही म्हणणार नाहीस अशी खात्री आहे. उलट टपाली कळव.

कृपादृष्टी आजवर होती तशीच पुढेही ठेव.

तुझा,
भाऊ


१९ जुलै

चि. भावास,
आशीर्वाद.

माझ्याकडची हवा तीच आहे जी तुझ्याकडे आहे. चिमी माझ्याकडे कधीही येऊ शकते, आठवडाभर काय, वर्षभर ये म्हणावं. माझं घर तिचंच आहे.

पण ती तुझ्या आकड्यातून वजा होण्यासाठी येणार असेल तर माझी एक अट आहे. तिला तू स्वतः आणून सोडायचं. भावजयीवर ढकलायचं नाही. आणि निघण्याआधी तिला समोर बसवून, तिच्या डोळ्यांत बघून, तू तिला का पाठवतो आहेस ते तुझ्या तोंडाने सांगायचं. हवापालट हा शब्द वापरायचा नाही. अभ्यासाचा ताण म्हणायचं नाही. जमलं तर आण. नाही जमलं तर त्या काट्यापाशी जाऊन जरा वेळ उभा राहा आणि का नाही जमलं ह्याचा विचार कर.

आणि अध्यक्षसाहेब, एक शंका. दहा वर्षांची पोरं वाढतात की नाही? उंची वाढते, हाडं वाढतात. ह्या वयाला तिच्या बुटाचा आकडा दर सहा महिन्यांनी मी बदलते. वाढत्या पोरांचं एकूण वजन उतरवून दाखवणाऱ्याला ढाल देतात, की तुझी सगळी समितीच कोबी खाऊन भ्रमिष्ट झाली आहे?

राग आलाय, तरी माया आटलेली नाही, एवढं ह्या पत्रातून तुला समजलं तर पुष्कळ.

तुझी,
ताई


२७ जुलै

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न.

मी मजेत आहे. तू कशी आहेस? आईने सांगितलं की पत्राची सुरुवात अशी करतात. पुढचं मी माझं लिहिते आहे आणि आई वाचणार नाही असं तिने कबूल केलंय.

मी तुझ्याकडे येणार आहे. काल बाबाने मला समोर बसवलं. त्याला माझ्याशी काहीतरी बोलायचं होतं पण त्याला येत नव्हतं. त्याने आधी विचारलं की गणितात काय चाललंय. मग त्याने लिफ्टची दोरी कशी तुटत नाही ते सांगितलं. मग म्हणाला की आत्या म्हणते तुझ्या डोळ्यांत बघायचं, आणि मग खिडकीत बघायला लागला. मला त्याची फार दया आली. म्हणून मीच म्हटलं की बाबा, मी नसले तर आपण जिंकतो ना? तो हो म्हणाला. मग लगेच म्हणाला की तसं नाही, तसं नाही. पण आधी हो म्हणाला.

मला ते आधीच माहीत होतं. मी दुसऱ्या शनिवारीच आकडेमोड केली होती. समोरची मुलगी पण म्हणाली की तुझ्यामुळे आपण हरणार नाही ना आता, किती छान. तिने मला तिचे स्टिकर दिले. ती चांगली आहे. सगळे चांगले आहेत.

मी बाबाला सांगितलं की तू रडू नकोस, मला आत्याकडे आवडतंच. तो म्हणाला की मी रडत नाहीये, कांदा चिरत होतो. पण त्याने कांदा चिरला नव्हता, त्याला येतच नाही.

मला तुला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. तुझ्या दुकानात फक्त पायाचं माप घेतात ना? आणि तुझ्याकडे जेवताना तू माझ्याकडे बघत बसतेस का? मागच्या वेळी बघायचीस की नाही ते मला आठवत नाही, कारण तेव्हा माझं लक्षच नव्हतं.

मी कमी खाईन, तुला त्रास देणार नाही. तुला मी आवडत असेन तर आवडतच राहू दे.

तुझी,
चिमी


९ ऑगस्ट

ती. स्व. ताईंना,
सा. न. वि. वि.

तुम्ही शनिवारी गाडीवर जाऊन उभ्या राहिलात आणि चिमी आली नाही. तारेसारखा निरोप तुमच्या शेजारच्या दुकानात फोनवर दिला तो मिळाला असेलच, पण सविस्तर आत्ता लिहिते. घाईत लिहिते आहे, अक्षर लावून घ्या.

शनिवारी सकाळी चिमीची बॅग भरून तयार. तुमची अट ह्यांना मोडता येईना, म्हणून कार्यक्रम उरकून हे तिला स्वतः घेऊन निघणार होते. तोवर ती बॅगेवर बसून राहिली, त्या फळ्याच्या बाजूलाच, पण यादीत तिला गावाला गेलेली धरलं होतं. आरोग्य अधिकारी आले, भाषण झालं. काउंटरवर पाहुण्यांसाठी बिनतेलाच्या, बिनमिठाच्या भोपळ्याच्या काड्या होत्या. त्यांनी एक तोंडात घातली आणि पाणी मागितलं. अ मधली जाडी मुलं आजोबांकडे, क मधल्याला ठरल्याप्रमाणे ताप. उरलेली एकेक करून काट्यावर चढली. ह्यांनी खडूने आकडे लिहिले, वजाबाकी केली. आपली ब इमारत जिंकली, आणि चांगली मोठ्या फरकाने.

टाळ्या झाल्या. आणि मग ताई, आपल्या इमारतीतली पोरं चिमीकडे वळली आणि त्यांनी तिच्यासाठीही टाळ्या वाजवल्या. चेष्टा नव्हती हो, अगदी मनापासून! मॅनेजर पुढे झाले, तिच्याशी हस्तांदोलन केलं आणि म्हणाले की खरी ढाल हिची, हिने इमारतीसाठी त्याग केला. चिमी उठून उभी राहिली, फ्रॉक नीट केला आणि सगळ्यांना थँक्यू म्हणाली.

मी ह्यांच्याकडे बघत होते. खडू हातात तसाच. मग खडू खाली ठेवला, आपली ती जाड पिशवी उघडली आणि तिच्यातून लाल पट्टी काढली. लिफ्ट धोकादायक निघाली की दाराला बांधतात ती. बांधली की निरीक्षकाशिवाय कुणी सोडायची नाही, सोडली तर गुन्हा. ह्यांनी ती काट्याला दोन वेढे देऊन बांधली, शिशाचं सील ठोकलं आणि वर लिहिलं, माणसांसाठी वापर बंद. खाली सही. डॉक्टरांनी विचारलं की काट्यात बिघाड काय आहे? हे म्हणाले की निरीक्षकाने कारण जागेवर सांगायचं नसतं, लेखी येईल. मॅनेजरांनी ढालीचं काय करायचं विचारलं. हे म्हणाले की ब इमारतीचं एक मूल मोजायचं राहिलं आहे, त्यामुळे निकाल नाही, आणि ते मूल मोजलं जाणार नाही, त्यामुळे निकाल कधीच नाही. ढाल अजून काउंटरवर पडली आहे, समोरची मुलगी तिच्यावर गाजरं ठेवते.

‘हलकंफुलकं’ बंद नाही केलं. उद्यापासून काय शिजवायचं ते पोरं सांगणार, असं ह्यांनी परस्पर जाहीर केलं आणि अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. कोबीवाल्या बाई आमच्याशी बोलत नाहीत. चिमीला पाठवायचंही रद्द केलं, पण बॅग मात्र तिने अजून रिकामी केलेली नाही. मी विचारलं तर म्हणाली, राहू दे.

त्या संध्याकाळी ह्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वयंपाकघरात पाऊल टाकलं. बटाटे चिरले, बोट चिरलं, तेलात घातले, मीठ घातलं, आणि ताट वाढून तिच्या समोर बसले. ती ताटाकडे बघत राहिली. हे म्हणाले खा ना गं. तिने कितीतरी वेळ हात लावला नाही. मग अगदी हळू, जणू ह्यांनाच वाईट वाटू नये म्हणून, म्हणाली की बाबा, तू तिकडे तोंड कर, मग खाते. हे उठले. खुर्ची फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. तेव्हा ती जेवली, ताई. सगळं जेवली. मध्येच ह्यांनी भिंतीकडे बघतच विचारलं की आणखी वाढू का, तर म्हणाली की किती झालं ते मोजत असशील तर नको. हे म्हणाले मोजत नाही. ती म्हणाली, मग वाढ.

तेव्हापासून रोज असंच. ती टेबलाशी बसली की हे न सांगता खुर्ची भिंतीकडे फिरवतात, ताट मांडीवर घेतात आणि तिकडे तोंड करून जेवतात. मधूनच कान देऊन ऐकतात, ती खाते आहे ना म्हणून. अजून तिने ‘आता वळ’ म्हटलेलं नाही.

आमच्या तिघांवरची माया अशीच राहू द्या, आणि ह्यांना दोन शब्द लिहा, ते विचारत नाहीत पण वाट बघतात.

तुमची,
भावजय